उसनी भूक

आईच्या अस्थी घेऊन आम्ही काशीला गेलो, तेव्हा बाबांनी बांगडा सोडला.

काशीला गेलेल्यानं आवडीची एक खाण्याची वस्तू कायमची सोडायची, अशी आमच्याकडे रीत आहे. बहुतेक जण त्यातून वाट काढतात. शेजारच्या प्रभाकाकींनी पडवळ सोडलं. ते त्यांनी त्याआधी कधी शिजवल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या यजमानांनी फणस सोडला आणि तळलेले गरे म्हणजे फणस नव्हे, असं शेवटपर्यंत सांगितलं. बाबांना असली वाट सुचली नसती. घाटावरच्या गुरुजींनी विचारलं, "क्या छोड़ेंगे?" आणि बाबांनी जराही न थांबता सांगितलं, "बांगडो."

गुरुजींना बांगडा ठाऊक नव्हता. मी म्हटलं, "मछली है." ते म्हणाले, मग सगळीच मासळी सोडा, पुण्य जास्त.

"सगळी कित्याक?" बाबा मला म्हणाले. "तिच्या हातचो बांगडो माका आवडायचो. तो सोडलंय. बाकीच्याचो नि तिचो काय संबंध?"

वेंगुर्ल्याला परतल्यावर मात्र बाकीचंही सुटत गेलं. त्याला व्रत म्हणता येणार नाही. बाबा जेवायला बसायचे, भात कालवायचे, दोन घास घ्यायचे आणि मग ताटाकडे बघत राहायचे. जणू कुणीतरी ते त्यांना जरा धरायला सांगून बाहेर गेलं आहे.

माझे वडील, गुरुनाथ गिरप, नगरपरिषदेत पाणी सोडायच्या कामावर होते. छातीएवढी उंच लोखंडी चावी घेऊन पहाटे निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, एकेका वाडीचा व्हॉल्व ठरल्या वेळी उघडायचा आणि ठरल्या वेळी बंद करायचा. आता ते काम यंत्रं करतात. निवृत्त होताना बाबांनी ती चावी मागून घेतली. ती आमच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. ती फिरवणाऱ्या हातांना आता पाण्याचा तांब्या जड व्हायला लागला होता. पँटच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. मी पुण्याच्या एका प्रकाशनात संपादन करते. आई गेल्यावर काम उचलून इथेच आणलं होतं. समोर मजकूर उघडा असायचा आणि लक्ष स्वयंपाकघरातल्या झाकलेल्या ताटाकडे.

जिल्ह्यात वृद्धांच्या आजारांसाठी एक नवं केंद्र निघालं होतं. तिथल्या डॉ. सावनी कुडचडकर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी बाबांचा दंड मोजला, हाताची पकड तपासली, आणि मला बाजूला न नेता त्यांच्यासमोरच सांगितलं, "असंच चाललं तर बाबा पुढचा पावसाळा बघणार नाहीत."

"पाऊस खूप बघलंय," बाबा म्हणाले.

"मी बघितलेले नाहीत तितके. म्हणून मला काळजी." डॉक्टर हसल्या नाहीत. "हे दुःख आहे, पण नुसतं दुःख नाही. वय झालं की भुकेची मुळं सुकतात. त्यावर दुःख पडलं की भूक परत वर येत नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे, बदामाएवढा एक भाग आहे. तिथे तयार होणारी दोन पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे अगदी छोटे तुकडे, खालच्या ग्रंथीला निरोप देतात. एकाचा निरोप असतो, वाढीचं संप्रेरक सोड. दुसऱ्याचा असतो, थांब. या ओढाताणीमुळे ते संप्रेरक सतत न वाहता लाटांनी येतं.

"म्हणजे एक व्हॉल्व उघडणारो नि एक बंद करणारो," बाबा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी कशात तरी रस घेतला होता.

"अगदी तसंच. पण उघडणारा आहे ना, तो आणखी एक काम करतो."

ते दुसरं काम मी नंतर घरी बसून जमेल तितकं वाचलं. गेल्या शतकातच ते उंदरांमध्ये दिसलं होतं. उघडणारं पेप्टाइड कणभर घेऊन मेंदूतल्या, दिवस-रात्रीचा हिशेब ठेवणाऱ्या घड्याळाजवळच्या एका ठिकाणी सोडलं, की उंदीर खायला लागत. याचा वाढीच्या संप्रेरकाशी संबंध नव्हता. तोच निरोप्या दुसऱ्या दारी जाऊन वेगळा निरोप देत होता. उंदीर वाटेल ते खात नसत. पिठूळ अन्न बाजूला सारून ते प्रथिनांकडे वळत, आणि हा ओढा दिवसाच्या वेळेप्रमाणे कमीजास्त होई. ही नुसती भूक नव्हती; कशाची आणि केव्हा, हे ठरवून आलेली भूक होती. म्हातारपणी हे पेप्टाइड आटतं. स्नायू झडत चाललेल्या माणसाला नेमकं प्रथिनंच खावंसं वाटत नाही, त्याचं एक कारण हे.

आता ते पेप्टाइड बाहेरून देता येत होतं. नाकाच्या छताला, जिथून वासाच्या नसा मेंदूत शिरतात, तिथे तांदळाच्या कणीएवढी एक डबी चिकटवायची. केंद्रात सगळे तिला दाणा म्हणत. ठरल्या वेळी दाणा थोडं पेप्टाइड सोडतो, ते नसांच्या वाटेनं आत जातं. वेळ आणि प्रमाण घरच्या माणसाच्या फोनवरून ठरवायचं. आमची वेळ ठरली दिवेलागणीची, कारण बाबांचं मोठं जेवण पूर्वीपासून तेव्हाच.

दाणा बसवल्यावर एक जोडणी करावी लागते. पहिल्या लाटा सुटत असताना रुग्णाला त्याच्या आवडत्या पदार्थाचा वास देतात, म्हणजे मेंदूला कळतं, ही ओढ कुठे न्यायची. परिचारिकेनं विचारलं, "आजोबा, मासे-मटणात सगळ्यात आवडतं काय?"

"बांगडो," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"आवडीचा इचारल्यान," ते मला म्हणाले. "सोडलंय म्हणान आवड जाता काय?"

"पण बाबा, वास..."

"वास घेतलो म्हणान काय मोडणा नाय. प्रभाच्या घरातसून रोज येता, मी काय नाक कापून ठेवू?"

मला ते पटलं. काशीची आण जिभेवर असते, असंच आम्ही सगळे धरून चालतो. परिचारिकेनं पथ्यपाणी विचारलं होतं, ॲलर्जी विचारली होती. काशीला काय सोडलं, हे कुणी विचारलं नाही, आणि आम्हालाही ते दवाखान्यात सांगण्यासारखं वाटलं नाही. बाबांनी डोळे मिटून नळीतून वास घेतला. ओलं खोबरं, तिरफळं, कोकम, बांगडा. निघताना डॉक्टरांची नजर माझ्या मनगटावर गेली. "तुम्ही जेवता ना वेळेवर?" मी हो म्हटलं.

पहिल्याच संध्याकाळी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "जेवूक काय आसा?"

हा प्रश्न मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी उकडलेली अंडी ठेवली. ती खाऊन झाल्यावर त्यांनी ताटलीकडे असं पाहिलं, की मी आणखी दोन ठेवली. पुढच्या दिवसांत कोंबडी झाली, सुंगटं म्हणजे कोळंबी झाली, पेडव्यासारखे बारके मासे झाले. बाबांचे गाल भरले. संध्याकाळी ते बंदरापर्यंत चालून येऊ लागले. प्रभाकाकी कुंपणावरून म्हणाल्या, "गुरुनाथा, लगीन-बिगीन करतलस काय परत?"

"तू बघ एखादी," बाबा म्हणाले. "पडवळ रांदणारी नको."

काकी हसल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नि तू गो? तुझो ब्लाऊज खांद्यारसून खाली येता. बापाशीक घालतंस, तू खातंस काय?"

"खातंय," मी म्हटलं. ओट्याशी उभी राहून चहात खारी बुडवणं हे खाणंच होतं.

सगळं नीट चाललं होतं, पण काही गोष्टी मला दिसत होत्या. बाबा भात टाकायला लागले. उकड्या भाताशिवाय ज्याचं जेवण जेवणच नव्हतं, तो माणूस भाताचा ढीग ताटाच्या कडेला सारून त्यातलं सुंगट तेवढं वेचत होता. पोटभर खाऊनही ते अस्वस्थ उठायचे. पडवीत येऊन उभे राहायचे, मान किंचित वर, नाक वाऱ्यावर. काही हरवलंय का, मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. "कायतरी ऱ्हवला असा वाटता."

एका संध्याकाळी ताट वाढून हाक मारली तर बाबा घरात नव्हते. चपला दारातच होत्या. मी बंदराच्या रस्त्याला गेले, परत आले, आणि मग काकींच्या मागच्या दारातून उजेड दिसला.

काकी बाजूला उभ्या होत्या, हातात डाव तसाच. चुलीसमोर, पाटही न घेता, बाबा जमिनीवर बसले होते. पुढ्यात टोप होता. ते बांगड्याचं तिखलं, तिरफळं घातलेलं तिखट कालवण, टोपातून हातानं खात होते. काटे काढायलाही थांबत नव्हते. तोंडातून दोन बोटांनी ओढून बाजूला ठेवायचे आणि पुढचा तुकडा उचलायचे. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला होता.

"दारातसून आत इलो नि बसलो," काकी हळूच म्हणाल्या. "मी म्हटलंय, गुरुनाथा, अरे तू काशीक सोडलंस मां? तर माझ्याकडे बघूकच नाय."

मी "बाबा" म्हटलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी मला ओळखलं नाही. मग ओळखलं. मग टोपाकडे पाहिलं.

ते उठले आणि मागच्या नळावर हात धुवायला लागले. साबण लावून, धुऊन, पुन्हा साबण लावून. कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

घरी येताना मी म्हटलं, "तुमचो काय दोष नाय, बाबा. ती भूक दाण्याची होती."

"हात माझो होतो," बाबा म्हणाले.

सकाळी त्यांनी चहाला हात लावला नाही. "ता काढ माझ्या नाकातला."

"मी काढूचंय नाय."

"कित्याक?"

"तुमी जेवतात म्हणान. चलतात म्हणान. एक बांगडो खाल्लो तर आई काय वरसून ओरडाची नाय. तिका बरा वाटात."

"तिका काय वाटात ता तू सांगू नको," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी तिका काय दिलंय, ता मी दिलंय. ह्या कणयेक नाय इचारूचंय."

"आई गेली. तुमकाय मी जाऊक देवचंय नाय."

हे मी फार मोठ्यानं बोलले असणार, कारण कुंपणापलीकडे काकींचं भांडी घासणं थांबलं.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काशीसकट सगळं ऐकून घेतलं. "हे मी विचारायला हवं होतं. यापुढे विचारेन. पण यावर उपाय आहे. वासाची जोडणी बदलता येते. डाळीशी जोडू, कुळथाशी जोडू. त्यांना कुळीथ हवासा वाटेल, बांगड्याची आठवण मागे पडेल."

फोन स्पीकरवर होता. बाबा पुढे झुकले. "आज कुळीथ. उद्या तुमका वाटला तर आणखी काय. पोट माझा, नि भूक लावतलात तुमी?"

"दाणा बंदच केला तर काय होईल?" मी विचारलं.

"बंद केलेले बहुतेक लोक पुन्हा पहिल्यासारखे होतात."

"बहुतेक?"

"मी पाहिलेले सगळे," डॉक्टर म्हणाल्या. "मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. शर्वरी, घाई करू नका."

त्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत बसले. फोनवर दाण्याचं पान उघडं होतं. वेळ, प्रमाण, आणि खाली बंद करायचं बटण. ते दाबलं तर मी माझ्या हातानं बाबांचं खाणं बंद करणार होते. नाही दाबलं तर दर संध्याकाळी माझ्याच फोनवरून त्यांना कुणाच्या तरी मागच्या दारात नेणार होते. बांगड्याचा वास आमच्या गावात कुठे कुठे थांबवणार? मी पुस्तकांत वाढलेली बाई. अशा पेचावर कुणी ना कुणी काही लिहून ठेवलेलं असतं असा माझा समज होता. त्या दुपारी मला त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

बाबा आले आणि चावीशेजारी पायरीवर बसले.

"चेडवा, एक सांग. इतकी वर्षां मी पाणी सोडलंय, ता काय माका हौस होती म्हणान?"

मी फोन मांडीवर पालथा ठेवला.

"वेळ झाली काय उठलंय, चावी घेतलंय, गेलंय. माझी आवस, तुझी आजी, गेली त्या दिसा पयला पाणी सोडलंय, मगे घराकडे इलंय. लोकांका पाणी व्हया होता. माका काय व्हया, ता कोणी इचारूक नाय, नि मीयाव इचारूक नाय." त्यांनी चावीच्या गंजलेल्या दांड्यावर हात ठेवला. "तू भूक बंद कर. जेवणाचा मी बघतंय."

"भूक नसताना जेवतलात?"

"होय."

"रोज?"

"रोज."

"आईच्या मागे इतके दिवस ह्या कित्याक नाय केलात मगे?"

बाबांनी दांड्यावरचा गंज नखानं खरवडला. "तेव्हा वाटला, भूक येत. वाट बघी होतंय. आता कळला ती काय असता ती. भायरसून कोणीव लावची. तिची वाट बघून काय करूचा?"

मी म्हटलं, "ताटातला एक घास जरी ऱ्हवलो, तरी मी परत चालू करतलंय. तुमी काय म्हणालात तरी."

"कर."

"कुळथाची पिठी, अंडी, डाळ. मी सांगान तेवढा."

"सांग."

मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पान राखाडी झालं, इतकंच.

पुढचे दिवस कठीण होते. मला स्वयंपाकातलं फार येत नाही. कुळथाची पिठी प्रभाकाकींनी शिकवली. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी खाली लागली, आणि काकी म्हणाल्या, "ह्या खावन तो जगलो, तर दाण्याक कित्याक दोष देतंस?" बाबांना चव नव्हतीच, गुठळ्या काय, करपट काय, त्यांना सारखंच. दिवेलागणीला ते येऊन बसायचे. पहिला घास घेण्याआधी हात क्षणभर ताटावर थांबायचा. मग सुरू. भुकेशिवाय जेवणं हे अंगमेहनतीचं काम आहे, हे मी तेव्हा पाहिलं. घास तोंडात फिरायचा, फिरायचा, कपाळावर घाम यायचा, घशाची गाठ वर जायची आणि थांबायची. ते पाण्याचा घोट घेत आणि पुढचा घास कालवत. एकदा मधेच उलटीची उबळ आली. ते बाहेर जाऊन तोंड धुऊन आले आणि राहिलेलं संपवलं. मी ताटाकडे बघत समोर उभी असायची. फोन माझ्या हातात असायचा.

त्यांचं वजन आधी उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, दाणा चालू करण्याचा विचार करा. मी म्हटलं, त्यांनी अजून एकही घास टाकलेला नाही. पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं, पण थोडंच. त्यानंतर ते तिथेच थांबलं. हाताची पकड पाहून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि बाबांना विचारलं, "भूक लागते का आता?"

"नाय."

"मग खाता कसे?"

"हातान," बाबा म्हणाले.

या वेळी डॉक्टर हसल्या. मला म्हणाल्या, पुढचं सांगता येत नाही, येत राहा. मीही ते पुढचं गृहीत धरलेलं नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, होड्या परत पाण्यात गेल्या आणि बांगडा जाळ्याला लागला. सगळ्या वाडीत एकच वास. काल संध्याकाळी काकींच्या चुलीवर तिखलं रटरटत होतं. तिरफळांचा तो उग्र वास आमच्या माजघरापर्यंत आला. बाबा नुकतेच जेवायला बसले होते. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान किंचित वर केली आणि एक लांब श्वास घेतला, सावकाश, सगळा. माझं बोट फोनवर होतं. कशासाठी, ते मलाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी पिठीत भात कालवला आणि घास घेतला. चावता चावता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती तरी महिन्यांत पहिल्यांदाच ते ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत होते. माझ्या हातातल्या फोनकडे, मग ओट्यावरच्या कपाकडे, कपाशेजारच्या अर्ध्या खारीकडे.

"तुझा ताट खंय?"

"तुमचा होवंदे. मगे बघतंय."

"मगे कधी? इतके दिवस बघतंय, उभी ऱ्हवतंस."

"माका भूक नाय, बाबा."

"माका खंय आसा?" बाबा म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं समोरचा पाट पुढे ओढला. "बस."

मी फोन फळीवर ठेवला. ताट घेतलं, भात वाढला, वर पिठी ओतली आणि त्यांच्यासमोर बसले. पहिला घास घशाशी अडकला. बाबांनी तांब्या माझ्याकडे सरकवला.

पिठी चांगली झाली होती की नाही, मला सांगता येणार नाही. मी ती संपवली.